बारा मिलिमीटरची अडणी

कारखान्यात तिला सगळे अडणीबाई म्हणत. गोल बुडाचं भांडं कलंडू नये म्हणून खाली अडणी ठेवतात, तशी बावन्न मीटर उंच, दाबाखाली चालणाऱ्या पोलादी टाक्यांची अडणी ती कागदावर करायची. पत्र्याचं गोल नळकांडं. वरच्या काठावर टाकी जोडलेली, खालचा काठ पायाच्या बोल्टांत आवळलेला. त्याला स्कर्ट म्हणतात. बघायला येणारे सगळे मान वर करून टाकी बघत. ही एकटी खाली बघायची.

"एवढं शिकून भांड्याखालचं कडं करतेस होय गं?" आई अजून विचारायची.

तिची एक खोड होती. टाकी आडवी ठेवून पाण्यानं तपासणार असले, तरी हिशेब ती उभ्या, काठोकाठ भरलेल्या टाकीचाच धरायची. तीन वर्षांपूर्वी एकदाच तिनं ती खोड मोडली. मोठे साहेब म्हणाले होते, "आडव्यातच तपासणार आहोत ना? मग सोळाचा पत्रा कशाला, बारा पुरे." तिनं मान्य केलं, तेव्हा साहेबांनी सगळ्यांसमोर तिची पाठ थोपटली. तिलाही बरं वाटलं. खोटं कशाला बोला?

आता तीच टाकी जागेवर उभी होती. बुडाजवळचा एक पाइप बदलावा लागला, जोड नवा झाला, म्हणजे पुन्हा पाण्याची तपासणी आली. या खेपेला उभ्यानं. एरवी आत बहुतेक वाफच असायची; रिकामी एकशे दहा टन, पाण्यानं भरली की तीनशे छत्तीस. खाली बारा मिलिमीटर, आणि त्यातही माणूस आत जाईल एवढं दार कापलेलं. सही तिची लागणार होती.

दोन दिवस ती कागदांत डोकं खुपसून बसली. तिसऱ्या दिवशी साइटवरच्या मुकादमापुढे कागद ठेवला.

"पेलेल. पण वारा पडलेला हवा. वाऱ्यानं टाकी दाराच्या बाजूला रेटली, तर दाराच्या कडेचा पत्रा चुरगळेल."

"वारा काय माझ्या घरचा आहे का, बाई?"

"नाही ना? म्हणून तर थांबायचं. त्या झाडाची पानं हलली तर हलू द्या. फांदी हलली की पंप बंद."

"आणि हे आधी का नाही सुचलं?"

"सुचलं होतं. मीच सोडून दिलं. चूक माझी आहे."

मुकादमानं कागद घडी करून खिशात घातला. चूक माझी, असं म्हणणारा डिझाइनवाला त्यानं पहिल्यांदाच पाहिला असावा.

पहाटे पंप सुरू झाला. टाकीच्या उंचीइतक्या अंतरावर दोरी बांधून माणसं मागे ठेवली. पाव टाकी भरली, पंप थांबला. अडणीबाई एकटीच दोरी ओलांडून दारापर्यंत गेली, बाहेरूनच कडेला लोखंडी पट्टी टेकवून पट्टी आणि पत्र्यातली फट मोजली. कागदावर होती तेवढीच. अर्ध्यालाही तेवढीच. पाऊण भरली आणि फांदी डुलली.

"बंद करा!"

"बाई, थोडंच राहिलंय हो!"

"थोडंच आहे म्हणूनच बंद करा."

दोन तास सगळे झाडाकडे बघत बसले. "पगारी माणसं आणि झाड राखतायत," मुकादम पुटपुटला, पण पंपाला त्यानं कुणाला हात लावू दिला नाही. आपण कागदावर वाऱ्याला किती सहज एक आकडा देतो, हे तिच्या मनात पुन्हापुन्हा येत होतं. तो आकडा आता समोर झाडावर बसला होता, आणि त्याची मर्जी सांभाळायची होती.

फांदी थांबली. उरलेलं पाणी चढलं, मग दाब चढला. काटा ठरल्या जागी अर्धा तास टिकला. नव्या जोडातून थेंब आला नाही. पत्रा हूं की चूं करेना.

दाब उतरवला, पाणी काढलं. हवा खेळती असल्याची खात्री करून ती दारातून आत शिरली, पहिल्यांदाच. वर टाकीचं गोल पोट टांगलेलं. सभोवार एकच वेल्डची रेघ, आणि त्या रेघेवर सगळा डोंगर. तिनं दाराच्या कडेला बोट लावलं. पत्रा बोटाहून बारीक होता. आयुष्यभर जे मांडलं, ते एवढं मोठं असतं हे तिला ठाऊकच नव्हतं. खाली उभं राहून वर कधी बघितलंच नव्हतं.

तिथंच फोन आला. आईनं विचारलं, "टिकलं का तुझं कडं?"

"टिकलं गं."

मुकादम दारातून डोकावला. "चला, सुटलो बाई!"

"सुटलो कसले? रिकामी आहे तोवर दाराभोवती जाड पट्टी मारून घेऊ. नकाशा उद्या देते."

"अहो, पेललं की आता!"

"आज वाऱ्यानं आपलं ऐकलं," ती म्हणाली आणि पट्टी मांडायला पुन्हा माप घेऊ लागली.