फलकावरचा चेहरा

सगळे तिला फोनवाली ताई म्हणत. नवऱ्याच्या मारातून जीव मुठीत धरून पळालेल्या बायकांना आसरा देणाऱ्या एका छोट्या संस्थेत ती मदतीचे फोन घ्यायची. ती स्वतःही अशीच पळून आलेली. पण हे फक्त संस्थेच्या मोठ्या बाईंना ठाऊक होतं.

संस्थेतल्या माणसांच्या अंगात काय काय गुण आहेत ते लिहून काढून प्रदर्शनात लोकांपुढे मांडायला बाहेरून एक मुलगी आली होती. प्रत्येकाला शेजारी बसवून विचारायची, "तुम्हाला काय येतं?"

"मला कुठलं काय येतंय! फोन उचलते," ताई म्हणाली.

"असं कसं?" संस्थेचे गाडीवाले दादा मध्येच बोलले. "पलीकडची बाई बोलता बोलता का थांबली, खोलीत कुणी आलं का, हे ताई नुसत्या श्वासावरून ओळखतात. आमच्या घरी मी ओरडलो तरी कुणाला ऐकू जात नाही!"

हशा पिकला. त्या हशातच मुलीने फोटो काढला. ऑफिसात लावायला असेल, असं ताईला वाटलं.

प्रदर्शनाच्या दिवशी ती सभागृहात खुर्च्या मांडायला गेली, तर फलकावर तिचाच चेहरा, हातभर मोठा. खाली पूर्ण नाव. इतकी वर्षं ती बाजारातही मान खाली घालून फिरली होती. आणि हाच फोटो निमंत्रणाबरोबर आदल्या दिवशीच बाहेरच्या कितीतरी लोकांच्या मोबाईलवर गेला होता.

फोटो काढून टाकायला ती पुढे होणार, तोच एक माणूस फलकासमोर येऊन उभा राहिला. जरा वळला. तिचा दीर!

ती मंचाच्या पडद्यामागे सरली. तोंड दाबून धरलं, तरी आपला श्वास साऱ्या सभागृहाला ऐकू जातोय असं तिला वाटलं.

"या आमच्या वहिनी. कुठे भेटतील हो?" दिराचा आवाज साखरेत घोळलेला.

"आत्ता तर इथेच होत्या!" मुलगी हौसेने म्हणाली.

ताई पडद्यामागे आणखी कोपऱ्यात सरकली.

मोठ्या बाईंनी दाराशीच हे ऐकलं. "वहिनींचे नातेवाईक का? या, आधी चहा घ्या," म्हणत त्यांनी त्याला पुढच्या खोलीत नेलं आणि जाता जाता संस्थेच्या स्वयंपाकीणबाईंकडे एकदाच पाहिलं. स्वयंपाकीणबाई पडद्यामागे आल्या, स्वतःची शाल ताईच्या डोक्यावरून टाकली आणि तिचा हात घट्ट धरला. दिराचा प्रश्न दादांच्याही कानावर पडला होता; मागच्या दाराशी त्यांची गाडी सुरूच होती. कुणी कुणाला काही सांगितलं नाही. कितीतरी बायकांना त्यांनी असंच बाहेर काढलं होतं. आज घरच्याच माणसावर वेळ आली होती.

गावाबाहेर पडेपर्यंत ताई मागच्या सीटपुढे खाली अंग चोरून पडून होती.

पुढे मुलीचा फोन आला. ती रडत होती. "ताई, मी आधी विचारायला हवं होतं."

"हो, हवं होतं," ताई म्हणाली.

मुलीने फलक नव्याने केला. त्यावर नावं नाहीत, चेहरे नाहीत. सगळे मिळून काय करतात, तेवढंच.

ताई आता दुसऱ्या गावी, दुसऱ्या संस्थेत फोन घेते. खुर्ची दाराकडे तोंड करून ठेवते. दारावर थाप पडली की काळजाचा ठोका चुकतोच. मग "थांबा हं, मी आहे," असं पलीकडच्या बाईला हळूच सांगते आणि कोण आलंय ते बघायला उठते.