कमलताईंचा थांबा

सांगलीच्या शहर बसच्या नकाशावरील चाकखुर्चीच्या खुणा छपाईत गळाल्या, असे मी वर्षभर सांगत आलो. त्या मी स्वतः काढल्या होत्या.

मी साताऱ्याचा. नकाशे आखणे हा माझा व्यवसाय. बसचा नकाशा भूगोलाशी फारसा प्रामाणिक नसतो. आम्ही वळणे सरळ करतो, अंतरे सारखी करतो, म्हणजे गाडी कुठे बदलायची हे प्रवाशाला चटकन कळते. या खेपेस प्रत्येक मार्गाला एका खेळाचे आणि प्रत्येक थांब्याला एका पॅरालिम्पिक खेळाडूचे नाव द्यायचे होते. ड्राफ्ट देखणा झाला. चाकखुर्चीची खूण मात्र बसचा रॅम्प उघडू शकतो अशाच थांब्यांवर होती, आणि असे थांबे मोजकेच होते. त्या तुरळक खुणा नकाशावर शाईचे थेंब सांडल्यासारख्या दिसत. डिझाइन स्वच्छ हवे, म्हणून मी खुणा पुसल्या.

नकाशाच्या अनावरणाच्या सकाळी माण तालुक्यातल्या गोळाफेकपटू कमलताईंनी सांगली स्टँडवरून फोन केला. शहर बसने येते, उतरू कुठे, असे त्यांनी विचारले. मी अभिमानाने म्हणालो, "तुमच्याच नावाच्या थांब्यावर. सभागृह समोरच आहे."

तिथे रॅम्प उघडायला जागाच नव्हती. ड्रायव्हरने त्यांना बऱ्याच पुढच्या थांब्यावर उतरवले. भर रस्त्यातून चाकखुर्ची ढकलत त्या परत येईपर्यंत समारंभ उरकला होता. त्यांच्या अनुपस्थितीत त्यांची शाल आणि नारळ मीच स्वीकारला होता.

मी शाल पुढे केली. त्या भिंतीवरच्या नकाशाकडे पाहत राहिल्या.

"आवं, थांब्याला नाव माजं, आन् तितं उतरायला मलाच येत न्हाई व्हय?"

लोक हसले. बससेवेचे देसाईसाहेब हसले नाहीत.

"खुणा होत्या ना हो ड्राफ्टमध्ये?"

"छपाईत गळाल्या असाव्यात," मी म्हणालो.

छापखान्याचे काम गेले. माझे राहिले.

यंदा नव्या आवृत्तीसाठी साहेबांनी सल्ल्याला ताईंनाच बोलावले. खुणा परतल्या होत्या. ताईंच्या थांब्यावर तेवढी नव्हती, कारण रॅम्पसाठीचा ओटा तिथे अजून मंजुरीतच होता.

"औंदा छापखाना बदलला म्हनं," त्या मला म्हणाल्या. "बरं केलं. लय निष्काळजी मानसं."

नकाशातून काय काढावे, हे आमच्या धंद्यात शिकवतात. त्याबरोबर कोण निघून जाते, हे शिकवत नाहीत. साहेब समोरच बसले होते. मी चहाचा कप खाली ठेवला.

"ताई, छापखान्याचा दोष नव्हता. नकाशा देखणा दिसावा म्हणून खुणा मीच काढल्या, आणि नंतर खोटे बोललो. मला माफ करा."