पैलवानाचे डिंकाचे लाडू

मुलांनो, आमच्या शेजारी कुस्तीतला राष्ट्रीय विजेता राहतो. त्याची कुस्ती ग्रीको-रोमन, म्हणजे कमरेखाली हात लावायचा नाही. पंचवटीच्या भाजीबाजारात त्याला सगळे ओळखतात. कोणी काही दिले तर नको म्हणणे त्याला जमत नाही. मान खाली घालून तो दोन्ही हातांनी घेतो.

परवा स्पर्धेला निघायच्या आदल्या दिवशी मेथीवाल्या मावशीने त्याला डिंकाच्या लाडवांचा डबा दिला. "लय वाळला रे पैलवान! समदे खा, मंग जिंकशील."

संध्याकाळी तो डबा घेऊन आमच्या दारात उभा. "आजी, यातला एक जरी खाल्ला तरी उद्या वजनात बसणार नाही, स्पर्धाच जाईल. आणि परत दिला तर मावशीला वाईट वाटेल. तुम्ही संपवाल?"

आजोबांनी आणि मी मनापासून मदत केली.

पदक जिंकून तो थेट बाजारात आला. मी तिथेच भाजी निवडत होते. त्याने पदक मावशीच्या गळ्यात घातले.

"लाडू खाल्ले ना?" तिने विचारले.

"एकही उरला नाही, मावशी."

"बघ! पुढच्या टायमाला दोन डबे देते."

त्याने घाबरून माझ्याकडे पाहिले. मी हसून मान डोलावली.