पिंपाच्या तळाचा गाळ

प्रयोगशाळेत तिला पुन्हाबाई म्हणत, कारण कुठलाही निकाल आला की ती म्हणायची, "पुन्हा करून बघू." शेजारच्या कारखान्यात विषारी वायूचे जुने तोफगोळे निकामी करत. विष मारून झालं की उरलेलं गढूळ पाणी पिंपांत भरलं जाई. त्यात विषाचा अंश नाही ना, हे बघणं तिचं काम. अंश कधीच नसे. 'नाही' शोधण्यातच तिची उमेदीची वर्षं गेली. सासूबाईंना तिने सांगितलं होतं, पाणी तपासते. ते काही खोटं नव्हतं.

एकदा सकाळी चहा देताना सासूबाईंना तिच्या मनगटावर टपोरा फोड दिसला.

"हे काय गं?"

"काही नाही, इस्त्रीचा चटका."

"इस्त्री? या घरात इस्त्रीला तू कधी हात लावलायस?"

नवऱ्याने पेपरातून डोकं वर काढलं नाही, पण पान उलटायचं थांबवलं.

तिने कप खाली ठेवला. ते विष लागताना कळत नाही, फोड काही तासांनी येतो, हे तीच नव्या लोकांना शिकवायची. तिने साहेबांना फोन लावला.

"कालची पिंपं गाडीत चढवू नका."

"का? निकाल तर स्वच्छ आलाय."

"तो वरच्या पाण्याचा. तळाशी गाळ दिसला म्हणून मी त्याचाही नमुना काढलाय, तो तपासायचा राहिलाय. आणि माझ्या मनगटावर फोड आलाय."

साहेबांनी विचारलं, "इस्त्रीबिस्त्रीचा नसेल ना?"

"नाही. सासूबाईंची साक्ष आहे."

गाळाच्या गुठळ्यांत विष जिवंत निघालं. तिचा हातमोजा शिवणीजवळ फाटलेला निघाला. सगळी पिंपं माघारी गेली, आणि तेव्हापासून तळाचाही नमुना घेऊ लागले.

डॉक्टरांनी तिला घरी बसवलं. भीती तिला वाटली ती दोन दिवसांनी, लेकीची वेणी घालताना. गाळाचा नमुना काढला त्या संध्याकाळीही वेणी तिनेच घातली होती. तिने लेकीची मान, कान, कानांमागची जागा, सगळं निरखून पाहिलं.

"आई, उवा नाहीयेत!" लेक वैतागली.

वेणी वाकडीच झाली.

मग तिने सासूबाईंना सगळं खरं सांगून टाकलं. सगळं ऐकून त्यांनी विचारलं,

"एवढं मेलं वाईट आहे, तर लांब कुठेतरी नेऊन टाकत का नाहीत?"

"कुठे?"

सासूबाईंनी बराच विचार केला.

"एक जागा आहे," त्या म्हणाल्या, "पण तिथे माझी नणंद राहते."