चित्रपटातलं साल उजाडेपर्यंत

ईरा आणि मनू,

मागच्या रविवारी तुम्ही फोनवर हसत हसत सांगितलंत, की एक जुना अंतराळातला चित्रपट लावला होता आणि थोड्याच वेळात बंद केला, कारण त्यातलं यान इस्त्रीसारखं दिसत होतं. तेव्हा मी समोरच्या फ्लॅटमधली कपाटं रिकामी करत होते. आपली सोसायटी पाडून नवी बांधायची ठरली आहे आणि पुढच्या महिन्यात सगळ्यांनी जागा सोडायची आहे. त्या कपाटांमध्ये असलेच चित्रपट भरलेले होते. ते ज्यांचे होते, त्या भाऊआजोबांना तुम्ही दोघांनी फोनच्या पडद्यावरच काय ते पाहिलंत. ईराला कदाचित त्यांचा जाड चष्मा आठवत असेल. कपाटं गेली की त्यांच्याबद्दल सांगायला माझ्या हाताशी काही राहणार नाही, म्हणून आत्ताच लिहिते. माझं शिक्षण इंग्रजीत झालं आणि तुम्हालाही तेच सोपं जाईल. पण भाऊजींची वाक्यं इंग्रजीत नेली तर ती त्यांची राहणार नाहीत. जिथे अडेल तिथे बाबाकडून वाचून घ्या.

तुमचे भाऊआजोबा, म्हणजे माझे भाऊजी, तुमच्या आजोबांचे धाकटे भाऊ. लग्न केलं नाही, आमच्या समोरच्याच फ्लॅटमध्ये राहिले, आणि सकाळी दोन्ही दारं उघडली की ती रात्रीच बंद होत. विज्ञानकथेचा चित्रपट कितीही टाकाऊ असला तरी ते त्याला वाईट म्हणत नसत. चित्रपटात जे साल दाखवलं असेल ते प्रत्यक्षात उजाडेपर्यंत निकाल राखून ठेवायचा, असा त्यांचा नियम होता. "वहिनी, हा माणूस नव्याण्णव सालाबद्दल बोलतोय. नव्याण्णव येऊ तर द्या. तोवर त्याला खोटं ठरवणारे आपण कोण?" कॅसेटच्या कडेला ते पांढरी पट्टी चिकटवत आणि तिच्यावर सुबक अक्षरात फक्त साल लिहीत. चित्रपटाचं नाव नाही. कपाटात कॅसेट सालाप्रमाणे उभ्या असत, आणि ज्यांचं साल आलं त्या पुन्हा लावून, निकाल देऊन ते खालच्या कप्प्यात ठेवत.

हडपसरच्या एका कारखान्यात ते ड्रॉइंग विभागात होते. यंत्रांच्या भागांची चित्रं काढायचं काम. कारखान्याच्या कागदांपुरतं इंग्रजी त्यांना येई, पण अंतराळवीरांचं नाकातलं इंग्रजी कळत नसे. म्हणून रविवारी दुपारी जेवणं झाली की मला हाक येई. मी त्यांच्या खुर्चीशेजारी बसून प्रत्येक संवादाचा अर्थ मराठीत सांगायचा. तुमचा बाबा, आमचा सुहास, खाली चटईवर. तुमच्या आजोबांना हे अजिबात आवडत नसे; ते आमच्या घरात रेडिओवर क्रिकेट ऐकत. पडद्यावर एखादा कप्तान हात हलवत मोठं भाषण करी आणि मी म्हणे, "परत जायचं नाही म्हणतोय."

"एवढंच? अहो, तो केव्हाचा बोलतोय!"

"तेवढाच अर्थ आहे, भाऊजी."

"तुम्ही तार खात्यात असायला हव्या होतात."

चित्रपट बहुतेक फसलेलेच असत. परग्रहावरची माणसं रंग लावलेली, ग्रहाची जमीन आपल्या लोणी काळभोरच्या उन्हाळ्यातल्या माळासारखी, आणि नियंत्रणकक्षात नुसते उघडझाप करणारे दिवे. भाऊजी ते दिवे लक्ष देऊन पाहत. "हे दिवे कशाचे आहेत, हे तिथल्या एकालाही माहीत नाही. तरी सगळे घाबरतात. आमच्या कारखान्यासारखंच आहे." पण अर्ध्यावर उठणं त्यांना चालत नसे. चांगला चित्रपट कुणीही शेवटपर्यंत बघतं, त्यात काय मोठंसं, असं त्यांचं म्हणणं होतं.

एक चित्रपट त्यांनी लहान टीव्हीवर पाहिला, तेव्हा त्यातलं यान खरंच तरंगत असल्यासारखं वाटलं होतं. त्याचं साल आलं तोवर आमच्याकडे मोठा रंगीत टीव्ही आला होता. नव्या टीव्हीवर यान ज्या दोऱ्याने टांगलं होतं तो दोरा स्पष्ट दिसला. सुहास लोळून हसला. भाऊजी हसले नाहीत. "टीव्ही सुधारला आणि चित्रपट बिघडला," ते म्हणाले. "यात त्या बिचाऱ्यांची काय चूक? ते होते तिथेच आहेत. आपण पुढे निघून आलो आणि वर त्यांनाच हसतोय." त्याच चित्रपटात माणसं पोळीभाजीऐवजी गोळ्या खात होती. तोवर भाऊजींना रक्तदाबाच्या गोळ्या सुरू झाल्या होत्या. त्यांनी निकाल दिला: "जेवणाच्या गोळ्या आल्या नाहीत. जेवणानंतरच्या आल्या. निम्मे गुण."

दुसऱ्या एका चित्रपटात यंत्रमानव कारखान्यात शिरून कामगारांना बाहेर काढतात. पहिल्यांदा पाहिला तेव्हा आम्ही तिघंही हसलो होतो, कारण यंत्रमानव म्हणजे पत्र्याच्या पिंपात घातलेला माणूस होता आणि चालताना त्याचे बूट दिसत. त्याचं साल आलं तोवर देशात परदेशी माल आणि परदेशी कंपन्या आल्या होत्या, आणि भाऊजींच्या विभागात संगणक बसले होते. ड्रॉइंगची उतरती टेबलं काढून भिंतीला टेकवून ठेवली होती. त्या रविवारी चित्रपट संपल्यावर त्यांनी कॅसेट काढून खालच्या कप्प्यात ठेवली. मग म्हणाले, "यंत्रमानव चालत येईल असं यांना वाटलं होतं. तो खोक्यातून आला. लिफ्ट बंद होती म्हणून आम्हीच जिन्याने वर चढवला." त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली, तेव्हा मला कारण विचारावं लागलं नाही.

त्यांना त्या खोक्याचा राग मात्र नव्हता. सुहासने संगणकच शिकावा असा आग्रह त्यांचाच होता. स्वारगेटच्या बाजूला एक क्लास होता, तिथे ते त्याला स्कूटरवरून सोडत आणि तास संपेपर्यंत बाहेरच्या कट्ट्यावर बसत. पुढे हडपसरमध्ये कारखान्यांच्या जागी काचेच्या इमारती उभ्या राहिल्या आणि सुहासला त्यांतल्याच एकीत पहिली नोकरी लागली. भाऊजी त्याच्या गळ्यातलं ओळखपत्र हातात घेऊन म्हणाले, "फोटोत तू परग्रहावरचा दिसतोयस. नोकरी टिकेल."

आता एका कॅसेटबद्दल. सुहास चौथी-पाचवीत असताना भाऊजींनी एक चित्रपट आणला, तो आम्ही पाहिलेल्यांपैकी सगळ्यांत निराश करणारा. त्यात ना युद्ध, ना राक्षस. यानातली माणसं एका टेबलाभोवती बसून बोलत राहतात आणि खिडकीबाहेर तेच तेच तारे सरकतात. मध्येच संपतो. सुहास इतका चिडला की त्याला रडू आलं. "हा कसला शेवट! काका, हा वाईटच आहे, म्हण ना!" भाऊजी म्हणाले, "साल काय सांगितलं त्यांनी?" साल होतं दोन हजार अठरा. "मग अठरा साली बोलू. तू आणि मी. इथेच." सुहासने डोळे पुसून विचारलं, "तेव्हा मी केवढा असेन?" "दाढी येईल तुला," भाऊजी म्हणाले. त्याने हातावर हात मारून कबूल केलं. पट्टी त्या दिवशी सुहासनेच लिहिली, वाकड्या अक्षरात, आणि भाऊजींनी ती कधी बदलली नाही.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. सुहास अमेरिकेला गेला, लग्न झालं, तुम्ही झालात. आजोबा गेले. भाऊजींनी घरातली कुठलीच जुनी वस्तू बदलली नाही, पण त्या कॅसेटची त्यांनी डिस्क करून आणली, बुरशी धरेल म्हणून. दोन हजार अठरा उजाडलं तेव्हा त्यांनी सुहासला फोनवर एवढंच विचारलं, "साल आलं. तू कधी येतोस?"

"मे महिन्यात येतो, काका. नक्की."

मे महिन्यात त्याचं एक काम लांबलं. मग "गणपतीला येतो" झालं. मग तुमच्या शाळा, मग विमानाची भाडी, मग डिसेंबर. प्रत्येक वेळी तो मनापासून म्हणायचा, हे मला माहीत आहे. मी त्याची आई आहे. प्रत्येक वेळी भाऊजी खोली झाडून घेत, दोन खुर्च्या पुसून टीव्हीसमोर ठेवत आणि तो येत नाही असं कळलं की पुन्हा भिंतीशी लावत. सुहासने दिवाळीत एक तोडगा काढला. "काका, मी इकडे लावतो, तू तिकडे लाव. व्हिडिओ कॉल सुरू ठेवू. एकत्रच पाहू."

"एकत्र कसं? तुझी सकाळ, माझी संध्याकाळ."

"अरे, पण दिसशील ना मला!"

"दिसायचं काय रे, तो परग्रहवालाही दिसतो." मग आवाज मऊ करून म्हणाले, "येईन म्हणालायस ना, मग ये. मी आहे. साल अजून संपलेलं नाही."

भाऊजी रागावले नव्हते. मी जवळून पाहत होते. ते फक्त थांबले होते, आणि थांबण्याचा त्यांना अनुभव होता.

साल संपायच्या दिवशी संध्याकाळी ते आमच्याकडे जेवायला आले. मी मुगाची खिचडी केली होती. ताटावर बसल्यावर मी म्हटलं, "भाऊजी, आज आपण दोघं तो पाहून टाकू या का? मी अर्थ सांगते."

त्यांनी कढी वाढून घेतली. "नको, वहिनी. तुम्ही फार संक्षेप करता."

त्यानंतर त्या चित्रपटाचा विषय त्यांनी काढला नाही. डिस्क खालच्या कप्प्यात न आणता वरच राहू दिली. दोन हजार एकोणीसच्या चित्रपटाचं साल लागलं होतं, तो त्यांनी जानेवारीत पाहिला आणि निकालही दिला. काय दिला, ते मला आठवत नाही.

त्या उन्हाळ्यात ते गेले. सकाळी दार उघडलं नाही म्हणून मी माझ्याकडच्या किल्लीने उघडलं. झोपेतच गेले होते. मी गेल्यावर अंत्यविधी कुणासाठी थांबवू नका, असं त्यांनी मला पूर्वीच सांगून ठेवलं होतं, आणि मी थांबवलं नाही. सुहास मिळालं त्या विमानाने निघाला. पोहोचला तेव्हा सगळं आटोपलं होतं. बॅग आमच्या दारात ठेवून तो समोरच्या फ्लॅटमध्ये गेला आणि चटईवर बसला. मी चहा नेला. त्याने घेतला नाही, पण नको असंही म्हणाला नाही. चहावर साय आली.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने वरच्या कप्प्यातून डिस्क काढली. "आई, बसतेस?" मी माझ्या खुर्चीवर बसले. तो भाऊजींच्या खुर्चीवर बसला नाही, खालीच बसला. चित्रपट सुरू झाला. तीच माणसं, तेच टेबल, तेच तारे. पहिला संवाद आला तसा मी सवयीने अर्थ सांगू लागले.

"आई," तो म्हणाला, "मला कळतं."

मग मी गप्प बसले. मला वाटलं होतं, इतक्या वर्षांनी त्यात काहीतरी सापडेल, जे तेव्हा आम्हाला दिसलं नव्हतं. तसं काही नव्हतं. तो पूर्वी जितका कंटाळवाणा होता तितकाच होता, आणि त्याच जागी संपला. खाली रस्त्यावर भाजीवाला ओरडत होता. मला रडू आलं नाही; अजूनही येत नाही. माझ्या वयाला असं होतं, असं डॉक्टर म्हणतात. सुहासने टीव्ही बंद केला.

"वाईटच आहे," तो म्हणाला.

"हो."

"मी तेव्हाच म्हणालो होतो."

"म्हणाला होतास."

तो उठला आणि बाथरूममध्ये जाऊन बराच वेळ नळ सोडून उभा राहिला.

मी हे तुमच्या बाबाला बोल लावायला लिहीत नाही. त्याने तेव्हा यायला हवं होतं हे त्यालाही कळतं, आणि त्याला येता आलं नाही हे भाऊजींनाही कळत होतं. दोन्ही खरं आहे. त्यावर आणखी काही लिहायचं तर मला ते सापडत नाही.

कॅसेट काल भंगारवाल्याने पोत्यात भरून नेल्या. डिस्कवर ओरखडे पडले होते, ती चालत नव्हती, तीही गेली. टीव्ही सोसायटीच्या पहारेकऱ्याने घेतला. तो चित्रपट आता फोनवर फुकट मिळतो, असं शेजारचा मुलगा म्हणाला. मी शोधलेला नाही. भाऊजींचं म्हणून राहिलं आहे ते एवढंच: तुमचा बाबा मला फोनवर कधी 'येतो' म्हणत नाही. तो आधी तिकीट काढतो आणि मग तारीख सांगतो.