जबाबात मी घातलेला शब्द

माझ्या नोकरीतला एक जबाब मला आजही शब्दन् शब्द आठवतो, आणि आठवला की स्वतःचीच लाज वाटते. तो माझ्याच हातचा होता.

मावळातल्या एका पोलीस ठाण्यात होतो, निवृत्तीला थोडीच वर्षं उरली होती. सकाळची हजेरी उरकून अर्ज चाळत बसलो असताना लोहगडवाडीहून एक मावशी आल्या. गडावर येणाऱ्यांना पिठलं-भाकरी करून घालणाऱ्या. चेहरा पांढराफटक. म्हणाल्या, "सायेब, सरकारी योजनेत माजं आप्रेशन करंनात. आदीच झालंय म्हंत्यात."

त्यांनी आणलेल्या योजनेच्या नकाराच्या कागदावर लिहिलं होतं, गेल्या वर्षी एका खासगी रुग्णालयात गर्भाशय काढले. मी विचारलं, "मावशी, त्या दवाखान्यात पिशवी काढली होती ना?"

"व्हय, काढली की. दुसऱ्याच दिशी."

मग तक्रार कसली? मी जबाब लिहिला, अंगठा घेतला, 'तक्रारीत तथ्य नाही' असा शेरा मारून अर्ज निकाली काढला. बाई सरकारी मदत दोनदा उकळायला बघतेय, असं मनात आलं होतं, हेही कबूल करतो. मावशी उठून गेल्या.

महिन्याभराने त्या योजनेचे लेखापरीक्षक ठाण्यात आले. चष्मा पुसत हळू बोलणारा माणूस. त्या खासगी रुग्णालयाला योजनेतून निधी मिळायचा तो केलेल्या उपचारांप्रमाणे, साध्या उपचाराला थोडा आणि शस्त्रक्रियेला भरपूर. गर्भाशय काढल्याची नोंद असलेल्या बायकांच्या फायली त्यांनी टेबलावर मांडल्या. "साहेब, बायका वेगळ्या, वयं वेगळी. पण भूल दिल्याची वेळ, नाडी, रक्तदाब सगळ्यांचं एकच. असं होतं का कधी?"

यादीत मावशींचंही नाव होतं. मी तोऱ्यात त्यांचा जबाब काढून दिला. "हिने तर स्वतः कबूल केलंय."

आमच्या महिला हवालदार मावळातल्याच. त्यांनी जबाब वाचला आणि विचारलं, "साहेब, मावशी 'गर्भपिशवी' म्हणाल्या?"

"पिशवी म्हणाल्या."

"मग गर्भ कुणी घातला?"

त्याच दुपारी आम्ही लोहगडवाडी गाठली. मावशींची टपरी बंद होती. त्या आत गोधडीवर पडून होत्या, अंगावरून जाणं थांबतच नव्हतं. हवालदारबाई त्यांच्या उशाशी बसल्या. "मावशी, तवा कंची पिशवी काढली वो?"

"लघवीची. मुतखड्यापायी गेलते. नळी घालून पिशवी लावली, दुसऱ्या दिशी काढली. आनी कंची आसनार?"

सरकारी दवाखान्यात सोनोग्राफी झाली. गर्भाशय जागच्या जागी होतं आणि त्यात गाठ वाढत होती.

पंचांसमक्ष रुग्णालयातले संगणक जप्त केले. नोंदी करणारा ऑपरेटर आधी काही कबूल करेना. मग म्हणाला, "सर, मी फक्त उपचाराचा कोड बदलायचो. पेशंटचं काय जातं? त्यांना तर काहीच भरावं लागत नाही." मी मावशींची सोनोग्राफी त्याच्यापुढे ठेवली. "या बाईला तुझ्या कोडमुळे परत पाठवलंय." त्याने पाणी मागितलं आणि कोणाच्या सांगण्यावरून काय काय बदललं, ते सगळं सांगितलं. गुन्हा दाखल झाला, दोषारोपपत्रही गेलं.

लोक त्या तपासाचं कौतुक करतात तेव्हा मी विषय बदलतो. त्या ऑपरेटरला झापायला माझा आवाज चढत नव्हता. त्याने एक कोड बदलला होता, मी एक शब्द घातला होता. माझ्या जबाबाखाली तर 'वाचून दाखवला, बरोबर आहे' असंही लिहिलेलं होतं. मी वाचून दाखवलाच नव्हता. माणूस समोर बसलेला असताना आपण कागदाला विचारतो, ही खोड फक्त रुग्णालयांची नाही. तेव्हापासून साधा अर्जही मी वाचून दाखवल्याशिवाय मिटवला नाही.

लेखापरीक्षकांनी नोंद दुरुस्त करून घेतली, मी माझा शेरा लेखी मागे घेतला, आणि मावशींचं ऑपरेशन झालं. दोन-तीन महिन्यांनी त्या चालत ठाण्यात आल्या. चेहऱ्यावर तजेला होता. खुर्ची ओढून समोर बसल्या.

"सायेब, आता खरीच पिशवी काढली. घ्या लिवून. आन् या टायमाला वाचून दावा."

मी लिहिलं, आणि सगळ्या ठाण्याला ऐकू जाईल असं वाचून दाखवलं.