अर्धा इंची पाना

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी राहूला, सासरच्या स्वयंपाकघरात, त्याचेच पाने हातात घेऊन उभी होते. चारच दिवसांपूर्वी केंदूरला, माहेरी, त्याला भेटून आले होते. निघताना त्यानं कॉटखालून पान्यांची कापडी गुंडाळी ओढली आणि माझ्या मांडीवर ठेवली. "तुझ्याकडं असू दे," एवढंच म्हणाला. मला वाटलं, गोळ्यांच्या गुंगीत बोलतोय. त्या दिवसांत तो मधूनच मला आईच्या नावानं हाक मारायचा. मला गाडी चालवता येत नाही, त्याच्या घरात चालवणारा मुलगा आहे... मग पाने मला कशाला? विचारायचं राहून गेलं. फोनवर त्याचा मुलगा अमोल रडत होता आणि माझ्या डोक्यात मात्र पानेच घोळत होते. मला रडू का येत नाही, हे माझं मलाच कळेना.

दादा सणसवाडीच्या एका कारखान्यात टूलरूमला होता. त्याची पांढरी अँबॅसडर वयानं त्याच्याहून थोडीच लहान. तिचे नट इंचाच्या मापाचे आणि हल्ली गॅरेजात पाने सगळे मिलिमीटरचे. अर्ध्या इंचाच्या नटाला तेरा नंबरचा पाना बसतो, पण किंचित ढिला. जोर लावला की घसरतो आणि नटाचे कोपरे जातात. एवढ्या एका गोष्टीवरून दादाचं कुणाशीही वाजायचं. मेकॅनिक म्हणाला, "बसतोय की," तर हा उसळायचा, "बसतोय म्हंजी त्याचा हाय का?" इंची पाने त्यानं जुन्या बाजारातून एकेक करून जमवले होते आणि ते तो कुणालाही उसने देत नसे. शेजाऱ्यानं मागितला, तर स्वतःच पाना घेऊन त्याच्याकडे जायचा, नट सोडवून द्यायचा, चहा प्यायचा, गप्पा मारायचा आणि पाना खिशात घालून परत यायचा. या सवयीला आम्ही खूप हसायचो.

माझी पाठवणी त्याच गाडीतून झाली. तळेगावच्या पुढं फॅनचा पट्टा ओरडायला लागला, दादानं बॉनेट उघडलं आणि मी लग्नाची पांढरी साडी ग्रीसपासून सांभाळत गुंडाळी धरून उभी राहिले. "अर्धा इंची दे गं," तो म्हणाला आणि मी नेमका तोच दिला. नव्या नवऱ्यासमोर त्यानं माझी पाठ थोपटली. म्हणून पाने मला दिले असतील का? मी तशी समजूत करून घेतली होती. पण वहिनी म्हणते, त्या दिवशी गाडी पंक्चर झाली होती आणि मी आत बसून नुसती रडत होते. माझ्या नवऱ्याला त्यातलं काहीच आठवत नाही. आता आम्हा दोघींत खरं कुणाचं, ते सांगणारा तोच एक होता.

दादाच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी, वंदना आटोपून माणसं उठून गेल्यावर वहिनीनं विचारलंच. "वन्सं, ह्यांचे पाने तुमच्याकडं हायेत म्हणं? पोरगा घरात असताना?"

"दादानंच दिले, वहिनी."

"मला न्हाई बोलले कवा."

आई-वडील गेल्यापासून दादा होता म्हणून केंदूर माझं माहेर होतं. वहिनीचं नि माझं भांडण कधीच नव्हतं, पण आमच्या दोघींच्या बोलण्यात मध्ये नेहमी दादा लागायचा. आता या गुंडाळीवरून उरलंसुरलंही तुटणार, ही धास्ती घेऊनच मी परतीच्या बसमध्ये बसले. पाने परत करावेत तर दादाचा शब्द मोडतो, ठेवावेत तर माहेर जातं. बरं, तो शब्द होता की गुंगी, तेही ठाऊक नाही...

मागच्या आठवड्यात वहिनीचाच फोन आला. पट्टा पुन्हा ओरडत होता आणि अमोल तेरा नंबर घेऊन गाडीत वाकला होता. "हात धरलाय म्या त्याचा," ती म्हणाली. "तेरा नंबर लावू द्यायची न्हाई मी. तुम्ही या पाने घिऊन." मी गेले. पण अर्धा इंची कुठला, हे मला काही केल्या ओळखू येईना. वहिनीनं दोन काढून दिले, दोन्ही चुकले. तिसरा मात्र नटावर घट्ट बसला. आम्ही तिघंही हसलो, आणि हसता हसता वहिनीनं पदर तोंडाला लावला. मग मीही रडले... दादा गेल्यापासून पहिल्यांदाच.

निघताना गुंडाळी मी मुद्दाम दादाच्या कॉटवर ठेवली. गाडी असेल तिथंच तिचे पाने असावेत, एवढं तरी मला कळतं. स्टँडवर बसची वाट बघत होते, तेवढ्यात वहिनी धापा टाकत आली आणि तिनं गुंडाळी माझ्या पिशवीत कोंबली.

"इसरला व्हय?"

"नाही वहिनी, गाडी इथं, तर पानेही इथंच..."

"इथं ठिवले तर तुम्ही कशाला येताय मग?"

दादाच्याही मनात हेच होतं का? मी तिला विचारलं. "काय की, बाई," ती म्हणाली आणि बस येईपर्यंत माझ्याशेजारी बसून राहिली.

गुंडाळी आता माझ्या कपाटात आहे, साड्यांना ऑइलचा वास लागलाय. काल पुन्हा वहिनीचा फोन आला, गाडीचा एक दिवा लागत नाही म्हणाली. दिव्याला पाना लागतो की नाही, मला काही ठाऊक नाही. मी पिशवी भरून ठेवली आहे.